साडेतेरा

व्हावाऊ, ९ मार्च

लाविनिया,

देवानं आजचा दिवस दाखवला, आम्ही धडधाकट आहोत, तूही असशील. हे आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. आता भांडायला मोकळा.

यापुढे मी फोनवर बोलणार नाही. रविवारी तुझा फोन येतो, आपली कालो शाळेचं काहीबाही सांगते, मग फोन माझ्या हातात येतो आणि तिसऱ्या वाक्याला आपली जुंपते. पोरगी तिथेच भिंतीला टेकून उभी असते. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर तुला मला मधेच तोडता येत नाही. पाद्र्यांचा मेहुणा बेटावरून ऑकलंडला यायला निघालाय, त्याच्याबरोबर हे देतोय. सोबत ताईनं विणलेला पंखा आहे. तो तुझ्यासाठी आहे, तुझ्या बहिणीनं लाटू नये असा ताईचा निरोप आहे.

आपलं काय ठरलंय ते मी विसरलेलो नाही. ताईसमोर ठरलेलं विसरून जाऊ कुठे? नोव्हेंबरात शाळेत पालकांसमोर मुलांची तपासणी होते. तीत कालोचं गणित चांगलं निघालं तर ती इथेच माझ्याजवळ राहणार. नाही निघालं तर पुढल्या वर्षी तुझ्याकडे, तिकडच्या शाळेत. 'तू तिला काय शिकवणार फेलेती, तू स्वतः सातवीत शाळा सोडलीस,' असं तू म्हणालीस तेव्हा मी गप्प बसलो, कारण ताई पडवीत होती आणि बहिणीच्या कानावर भावाचा चढलेला आवाज जाणं आपल्या रीतीत बसत नाही. नाहीतर उत्तर होतं माझ्याकडे.

उत्तर असं की मी शिकवतोय. कोनफळं काढायला सुरुवात झालीय. शाळेतून आली की कालो माझ्यामागे खोपीत येते. मी एका हातात एक, दुसऱ्या हातात एक उचलतो, ती मोजते. हात बघायला हवेस तिचे, मातीनं भरलेले. मोजण्यात एकदाही अडखळत नाही. गृहपाठ मी रोज तपासतो आणि सगळा बरोबर असतो.

तेव्हा तिकडे तिच्यासाठी पलंग वगैरे घेऊ नकोस.

फेलेती

व्हावाऊ, ४ मे

लाविनिया,

आम्ही मजेत आहोत. मुलांचा रविवार काल झाला. कालोनं पांढरा झगा घातला होता, तू पाठवलेला. कमरेला जरा सैल होता, ताईनं टाके घातले. चर्चमध्ये उभी राहून तिनं आपला उतारा न चुकता म्हटला. मागच्या बाकावरून कुणीतरी नाक पुसल्याचा आवाज आला, तो माझा नव्हता.

दुपारी जमिनीतली भट्टी उघडली. अळूच्या पानांतलं मटण तिनं दोनदा मागून घेतलं.

गणित छान चाललंय. शाळेच्या बाईंनी मला भेटायला बोलावलंय. कौतुकच करायचं असेल.

फेलेती

व्हावाऊ, २० जुलै

लाविनिया,

कौतुक करायचं नव्हतं.

मेमध्येच जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच तिकीट काढलं असतंस. आता कळवतोय, कारण भावाशी थेट बोलत नाही म्हणून ताईनं दारामागून कालोबरोबर निरोप पाठवला: 'आत्या म्हणते, तुम्ही आईला खरं लिहिलं नाहीत तर आत्या स्वतः लिहील.' ताईचं अक्षर तुला ठाऊक आहे आणि तिची जीभही. तेव्हा मीच लिहितो.

सेइनी बाई तशा लहान वयाच्या आहेत. खालच्या आळीतल्या, बाप कोनफळवाला. मला लहानग्यांच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. समोर कालोची वही ठेवली. उदाहरण असं होतं: पाच जणांनी प्रत्येकी आठ नारळ आणले, एकूण किती? कालोचं उत्तर वीस. खाली माझी बरोबरची खूण, चांगली ठसठशीत.

मी म्हटलं, "वीस. मग?"

"फेलेतीदादा, आठ पंचे किती?"

मी पाढा मनात म्हटला. चाळीस.

तुला आत्तापर्यंत कळलंच असेल, तूही इथलीच आहेस. कोनफळं आणि नारळ आपण जोडीनं मोजतो. दोन हातांत दोन उचलायची आणि म्हणायचं 'एक'. बाजारात, चर्चला द्यायच्या वेळी, सरदाराच्या अंगणात, सगळीकडे तसंच. पोरीनं आठ-आठ नारळांच्या पाच राशी मांडल्या, आणि एकूण मोजायची वेळ आली तशी माझ्या खोपीत मोजते तशा मोजल्या. वीस. मी शेजारी बसून मान डोलावली. दोन महिने मी तिच्या निम्म्या उत्तरांना शाबासकी देत होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बाई हसल्या, पण चांगलं हसल्या. म्हणाल्या, "मीही पहिलीत असंच मोजायचे. तिचं मोजणं बिनचूक आहे. वहीला नग हवेत, ती जोड्या देतेय, एवढंच. जोडीनं मोजू दे, शेवटी दुप्पट करायची." मग म्हणाल्या, "आणि तुमच्याबद्दल म्हणाल, तर मंगळवारी संध्याकाळी पालकांना बोलावलंय. या."

मंगळवारी माझी कावा प्यायची बैठक असते हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यानंतर मी गेलो. वीस-पंचवीस आया आणि आम्ही दोनच पुरुष. दुसरे चर्चचे कारभारी, त्यांचं बाक मोडता मोडता राहिलं. बाईंनी फळ्यावर त्रेपन्न वजा सत्तावीस लिहिलं आणि म्हणाल्या, हातचा न घेता सोडवा. कारभारी म्हणाले, "हातच्याशिवाय वजाबाकी म्हणजे नारळाच्या दुधाशिवाय अळू." बाई म्हणाल्या, "सत्तावीसपासून तीसपर्यंत किती?" मागून एक आजी ओरडली, "तीन! मग वीस, मग तीन! सव्वीस!" आजीला कुणी शाळेत घातलेलं नव्हतं, आणि तिच्या सुनेनं कपाळाला हात लावला.

बाईंनी आम्हाला नियम घालून दिले. पेन्सिल मुलाच्याच हातात राहील. उत्तर चुकलं तरी 'चूक' म्हणायचं नाही, आधी विचारायचं, 'कसं काढलंस?' बरोबर आलं तरी तेच विचारायचं. आणि दोघांपैकी कुणीही रडायच्या आत वही मिटायची.

लाविनिया, यातला 'कसं काढलंस' हा नियम फार अवघड आहे. कालो विचार करत असते आणि उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलेलं असतं. ती म्हणते, "बाबा, तुमचे ओठ हलले." परवा तिनं मला हातांवर बसायला लावलं, कारण मी बोटांनी खुणा करतो म्हणे. तर तुझा नवरा रोज संध्याकाळी स्वतःच्या हातांवर बसून असतो. ताई पडवीतून हसते, मला ऐकू येतं.

पण पोरगी सुधारतेय. दुप्पट आणि निम्मं हा तर तिचा खेळच झालाय. रानात जाताना एक आकडा मी टाकतो, एक ती. ती जिंकते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, खरंच जिंकते.

फेलेती

व्हावाऊ, ७ सप्टेंबर

लाविनिया,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

तू लिहितेस की मी तिकडे येत नाही कारण मला बायकोच्या कमाईवर राहायची लाज वाटते. मी पेन घेऊन 'चूक' असं लिहायला बसलोच होतो. मग बाई आठवल्या. तर विचारतो, न भांडता विचारतो: हे उत्तर तू कसं काढलंस? मी काय बोललो, कधी बोललो, की तुला असं वाटलं? लिहून कळव. मी हातांवर बसून वाचेन.

माझं मी सांगतो. लाजेचा मामला नाही. इथे वेल बघून मी सांगतो खाली कोनफळ केवढं असेल, आणि लोक मला विचारायला येतात. तिथे मला कोण विचारणार? तुझ्या बहिणीच्या घरात सोफ्यावर बसलेला एक जाडा माणूस. तू वृद्धाश्रमातल्या कामावरून दमून येशील आणि तुला माझ्याकडेही बघावं लागेल. मला भीती वाटते, लाविनिया. हे मी बोलून दाखवलं नाही, कारण भीती वाटते म्हणण्यापेक्षा भांडणं सोपं होतं.

आणि तू गेल्यापासून घर मोठं झालंय. कालोही गेली तर त्यात मी कुठल्या कोपऱ्यात बसायचं हे मला सुचत नाही. म्हणून तो करार मी इतका घट्ट धरून बसलोय. तुला वाटतं तुला हरवायला. तसं नाही.

कालोचं म्हणशील तर बाई खूश आहेत. शाब्दिक उदाहरणं ती वाचते, चित्र काढते, मग सोडवते, मग ताळा करते. मी फक्त विचारतो. तपासणीत ती चमकेल. तुला वाईट वाटेल हे मला कळतं, आणि तरी मला आनंद होतोय. खोटं कशाला लिहू?

तुझी आठवण येते. हे वाक्य गणितात बसत नाही, पण लिहून टाकलं.

फेलेती

व्हावाऊ, २८ नोव्हेंबर

लाविनिया,

काल तपासणी झाली. जसं घडलं तसं लिहितो, तू मधे निष्कर्ष काढू नकोस.

शाळेचा हॉल भरला होता. मी कमरेला मानाची चटई गुंडाळून, केसांना तेल लावून पहिल्या रांगेत. ताई बायकांच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून, भावाबहिणीच्या रीतीप्रमाणे. एकेक मूल पुढे येत होतं, बाई तीन-तीन उदाहरणं तोंडी विचारत होत्या. कारभाऱ्यांच्या नातवानं तिन्ही बरोबर सांगितली आणि कारभाऱ्यांनी टाळ्या वाजवायला स्वतःच सुरुवात केली.

मग कालो. दोन वेण्या, कानामागे फूल. माझ्याकडे बघितलं नाही.

बाईंनी विचारलं, "एका टोपलीत आठ नारळ, अशा सहा टोपल्या. एकूण नारळ किती?"

कालो म्हणाली, "चोवीस."

लोक हसले, प्रेमानं. आपल्याकडे कुणाला कळत नाही हे? बाईही हसल्या. "जोड्या नकोत कालो, नग सांग."

"चोवीस."

बाईंनी प्रश्न बदलला. "शाळा साडेआठला भरते. दहाला सुट्टी होते. मधे किती मिनिटं?"

"पंचेचाळीस."

आता कुणी हसलं नाही. लाविनिया, या बेटावर कोनफळं जोडीनं मोजतात, नारळ मोजतात. मिनिटं जोडीनं मोजणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मग बाईंनी सोप्यात सोपं विचारलं. "नऊ त्रिक?"

कालो थांबली. तिचे ओठ हलले. मग ती म्हणाली, "साडेतेरा."

आणि मला सगळं कळलं. जोडीनं मोजणारा कधी साडेतेरा म्हणत नाही. तो म्हणतो तेरा, आणि वर एक. साडेतेरा म्हणायला आधी सत्तावीस यावं लागतं, आणि मग त्याचं निम्मं करावं लागतं. अपूर्णांक तर बाईंनी अजून शिकवलेलाच नाही. तो ती माझ्याबरोबर रानात शिकली. माझी पोरगी भर हॉलमध्ये तिन्ही उदाहरणं बिनचूक सोडवून, त्यांची निम्मी करून, चुकीची उत्तरं देत उभी होती.

घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. नीरफणसाच्या झाडाखाली मी तिला बसवलं. ओरडायचं नाही असं स्वतःला बजावलं आणि विचारलं, "कसं काढलंस?"

"जोडीनं मोजलं, बाबा."

"मिनिटंसुद्धा?"

ती कानामागचं फूल काढून पाकळ्या तोडत बसली. मग म्हणाली, "मी नापास झाले ना? मग मी आईकडे जाणार ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही फोनवर भांडायचात तेव्हा मी तिथेच असायचे."

मी म्हटलं, "तुला आईकडे जायचं होतं तर मला सांगायचं होतंस, बाळा."

तिनं मान हलवली. "मला दोघांकडे राहायचंय. पण तसं उत्तरच नाहीये. मग मी बघितलं. मी पास झाले तर आई फोनवर रडेल. नापास झाले तर तुम्ही इथे एकटे. पण तुम्ही रडत नाही ना, बाबा. म्हणून."

लाविनिया, नऊ वर्षांच्या पोरीनं आपल्या दोघांना तराजूत घातलं आणि कोण कमी रडेल ते काढलं. आपण तिच्यासमोर गणित मांडलं ते हे. सेइनी बाईंनी वर्षभर शिकवलेली सगळी उदाहरणं तिला जमली, आणि आपण दिलेल्या या एका उदाहरणासाठी तिनं उरलेली सगळी मुद्दाम चुकवली. तिथेच, झाडाखाली, मी रडलो. चांगला हमसून रडलो. बाजारातून येणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. कालो आधी घाबरली, मग तिनं माझं तोंड आपल्या फ्रॉकनं पुसलं. बापाच्या डोक्याला मुलीनं हात लावायचा नसतो. लावला. बरं वाटलं.

बाई संध्याकाळी घरी आल्या. म्हणाल्या, "मी तिला पहिल्या तिघांत घेतलंय. बरोबर उत्तर यायला गणित यावं लागतं, आणि इतकं नेमकं चुकायला त्याहून जास्त. आता तुम्ही घरातलं बघा."

म्हणजे करारानं मी जिंकलो. कालो इथेच राहणार. हे मी तुला फोनवर ओरडून सांगणार होतो, वर्षभर वाट बघत होतो त्याची.

रात्रीचं जेवण झाल्यावर ताई पडवीत बसली. मी आत. कालोला तिनं निरोप्या केलं नाही, सरळ भिंतीशी बोलावं तशी बोलली, मला ऐकू जाईल अशी: "लेकराला दोरी करून दोन टोकांनी ओढायची, याला करार म्हणतात होय? मी तेव्हा गप्प बसले ही माझी चूक. करार मोडला. आत्या मोडतेय, कुणाची हिंमत असेल त्यानं बोलावं." आपल्याकडे आत्याचा शब्द शेवटचा. मग म्हणाली, "पोरीला एकटीला विमानात बसवू नकोस."

तर या वर्षाची शाळा संपली की मी कालोला घेऊन येतोय. वेलांकडे ताईचा थोरला बघेल. कालोला तिकडे कुठल्या वर्गात घालायचं ते आधी विचारून ठेव, आणि खालच्या वर्गात घालतो म्हणाले तर माझ्या वतीनं भांड. तिचं गणित उत्तम आहे. मी किती दिवस राहीन, राहीन की परत येईन, ते मला अजून सुटलेलं नाही. तुझ्याशेजारी बसून सोडवायचं आहे, आणि या वेळी कालोच्या देखत नाही. सोफा चालेल मला. भीती अजून वाटते, पण ती घेऊनच येतो.

पाद्र्यांच्या घरून फोन करून विमानाची वेळ कळवीन. फोन कालोच्या हातात देणार नाही, मीच बोलेन, आणि भांडणार नाही.

विमानतळावर तू स्वतः ये. बहिणीला पाठवू नकोस.

फेलेती